वाहक पट्टा, द्विदिश : संरेखन
आलटून पालटून दोन्ही दिशांना फिरणारा वाहक पट्टा सांगाड्याच्या मध्यरेषेवर राखणे. औष्णिक विद्युत् केंद्रांत बंकरांच्या रांगेत कोळसा टाकण्यासाठी असे पट्टे वापरतात. पट्टा रुळाच्या ज्या टोकाला आधी स्पर्श करतो त्या बाजूस सरकतो, हे संरेखनाचे मूलतत्त्व होय. एकदिश वाहकात बाजूचे रूळ गतीच्या दिशेने किंचित पुढे कलते ठेवल्यास पट्टा मध्यावर येतो. परंतु दिशा उलटताच तोच कल त्याला बाहेर ढकलतो. म्हणून द्विदिश वाहकात सर्व रूळ व कप्प्या मध्यरेषेशी अचूक काटकोनात बसवितात आणि स्वयंसंरेखक रूळ दोन्ही दिशांत कार्य करणारेच निवडतात. माल पट्ट्याच्या मध्यभागी पडेल अशी योजना करतात. कप्प्यांवर चिकटलेला थर खरवडून काढतात. पट्टा प्रथम रिकामा व नंतर भारित चालवितात. एका दिशेसाठी केलेला प्रत्येक फेरबदल उलट दिशेतही तपासतात. दुर्लक्ष झाल्यास पट्ट्याची कड सांगाड्यावर घासून फाटते, कोळसा सांडतो आणि घर्षणजन्य उष्णतेने आग लागू शकते. फेरबदल वा साफसफाई करण्यापूर्वी वाहक थांबवून वीजपुरवठा कुलूपबंद करणे आवश्यक असते. कारण थांबलेला पट्टा कोणत्याही दिशेने सुरू होऊ शकतो.