गावची शाळा आणि तिचा पट

महाराष्ट्रातील खेड्यांत सरकारी शिक्षण खाते पोहोचण्यापूर्वीही अनेक मोठ्या गावांत देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्या वाड्याच्या ओसरीवर पंतोजीची शाळा भरत असे. पंतोजीला सरकारी पगार नसे. मुलांच्या घरून येणारे धान्य, शिधा आणि सणावारी मिळणारी दक्षिणा यांवर त्याचा चरितार्थ चाले. मुले धूळपाटीवर, म्हणजे बारीक धूळ पसरलेल्या फळीवर, अक्षरे गिरवीत, मोडी वाचायला शिकत आणि पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढेही मुखोद्गत करीत. या पाठांतराला घोकंपट्टी म्हणून नावे ठेवणे अन्यायाचे होईल, कारण मण-शेर आणि रुपये-आणे यांच्या जगात सावकाराचे व्याज तोंडी पडताळून पाहण्याचे तेच एक साधन होते. मात्र हे साधन ब्राह्मण, व्यापारी आणि वतनदार यांच्या मुलांच्याच हाती प्रामुख्याने लागले. कुणब्यांची मुले त्या ओसरीवर विरळा, मुली जवळजवळ नाहीतच आणि अस्पृश्य मानलेल्यांना तिथे पाय ठेवण्याचीही मुभा नव्हती.

मुंबई इलाख्यात १८५५ मध्ये शिक्षण खाते स्थापन झाले आणि पुढच्या दशकात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड, म्हणजे स्थानिक कामांसाठीची जादा पट्टी, बसवून तिचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे वळवण्यात आला. गावच्या शाळेच्या इतिहासातील कळीचा प्रश्न येथेच उभा राहतो: शाळेसाठी पट्टी भरणारा शेतकरी आणि त्या शाळेत शिकणारे मूल यांची घरे बहुतेक वेळा वेगळी होती. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी हीच विसंगती सरकारच्या पदरात घातली. रयतेच्या घामाचा पैसा वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, असे बजावून त्यांनी निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे आणि शिक्षक शक्य तो शेतकरी वर्गातून घ्यावेत, अशी मागणी केली. सरकारने सक्ती मान्य केली नाही. १८८४ च्या कायद्याने लोकल बोर्डे आली, त्यांच्या शाळा वाढल्या आणि वार्षिक परीक्षेला येणाऱ्या डेप्युटीचा, म्हणजे शाळा तपासनिसाचा, दरारा गावोगाव पसरला. पण मुलाला शाळेत घालायचे की गुरांमागे धाडायचे, हे घरच्या गरिबीवरच ठरत राहिले.

ही कोंडी फोडण्याचे धैर्य कोल्हापूर संस्थानाने दाखवले. छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठरवला आणि ४ मार्च १९१८ रोजी या योजनेतील पहिली शाळा करवीर पेट्यातील चिखली या गावी सुरू झाली. एक रुपया ही त्या काळी शेतमजुराच्या घराला जड जाणारी रक्कम होती, हे विसरून चालणार नाही. तरीही फी माफ करून मग सक्ती करण्याचा हा क्रम न्याय्य होता. त्याहून मोठे पाऊल १९१९ चे. अस्पृश्य मुलांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांना सर्वांबरोबर एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम त्या वर्षी निघाला. या हुकुमाचे मोल कळण्यासाठी मागे पाहावे लागते: १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला होता आणि त्यानंतरही कितीतरी गावांत अशा मुलांना वर्गाबाहेर, व्हरांड्यात बसूनच शिकावे लागे. ब्रिटिश मुलखात सार्वजनिक शाळा सर्वांना खुल्या असाव्यात हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये संमत झाला.

त्याच १९२३ सालच्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळा स्कूल बोर्डाकडे गेल्या. ज्या वाड्यावस्त्यांवर बोर्ड पोहोचत नव्हते तिथे कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने शेकडो व्हॉलंटरी शाळा उघडल्या. गावाने जागा द्यावी आणि एका शिक्षकाने सगळे वर्ग सांभाळावेत, असे त्यांचे सर्वसाधारण स्वरूप होते. १ मे १९६२ पासून कारभार जिल्हा परिषदेकडे आला आणि ‘झेडपीची शाळा’ हे नाव रूढ झाले.

या साऱ्या स्थित्यंतरांचा सर्वांत विश्वासू साक्षीदार म्हणजे शाळेचे जनरल रजिस्टर, ज्यात प्रत्येक मुलाचे नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याचा दिवस आणि शाळा सोडल्याचे कारण नोंदवलेले असते. जन्माची नोंद नसलेल्या मुलाची तारीख अंदाजाने घालताना गुरुजी जूनमधील शालारंभ धरून १ जून लिहीत, म्हणून ग्रामीण महाराष्ट्रातील एका आख्ख्या पिढीचा कागदोपत्री वाढदिवस एकाच दिवशी येतो. मुले शाळा का सोडत हेही याच पानांवरून गाव पातळीवर तपासता येते, पण त्या दृष्टीने ती फारशी वाचली गेलेली नाहीत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी मराठा कुटुंबांच्या कुणबी असल्याच्या नोंदी शोधताना मात्र जुनी शालेय रजिस्टरे बाहेर काढावी लागली आणि त्यातील मोडी मजकुरासाठी मोडी वाचकांची गरज पडली. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार त्याच वर्षी पुढे आला. शाळा हलवण्याचे निर्णय घेताना तिचे हे दप्तर कुठे ठेवायचे, त्याच्या प्रती कोण काढणार आणि गावातील अभ्यासकाला ते कसे पाहता येईल, हेही शाळा हलवण्याच्या आदेशातच स्पष्ट लिहिले गेले पाहिजे.