दुसऱ्या फळीचा मंगळवार

पहाटे 5:15

सीझन सुरू असला की आमच्याकडे सगळ्यात जड वार मंगळवार. शनिवारी सामना, रविवारी त्याची चिरफाड, सोमवारी खेळाडूंना नियमाप्रमाणे सुट्टी आणि मंगळवारी अंगावर सगळे पॅड चढवून पुढच्या प्रतिस्पर्ध्याची तयारी. शनिवारी कोण किती दुखावलं हेही खरं मंगळवारीच कळतं, कारण रविवारी ज्याला विचारावं तो ‘मी ठीक आहे’ असंच सांगतो.

अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठाच्या फुटबॉल संघात मी पर्सोनेल विभागात काम करते. माहेर कोल्हापूरचं, त्यामुळे फुटबॉल म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांसमोर शाहू स्टेडियम आणि तालमींचे संघ येतात. इथला खेळ निराळा. चेंडू लांबुळका, तो हातात धरून पळायचं किंवा पुढे फेकायचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकलात तर चेंडू तुमच्याकडे राहतो. आक्रमणाचे अकरा वेगळे, बचावाचे अकरा वेगळे, किकच्या वेळी आणखी वेगळी माणसं. प्रत्येक जागेवर पहिला कोण, दुसरा कोण, तिसरा कोण याचा जो तक्ता असतो तो डेप्थ चार्ट. ऑफिसच्या भिंतीवर तो चुंबकाच्या पट्ट्यांनी मांडलेला आहे. त्या पट्ट्यांची राखण हे माझं काम.

सकाळी 6:00

दुखापती पाहणाऱ्या ट्रेनरची यादी येते. हिरवा म्हणजे पूर्ण सराव, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे नाही. आज डाव्या टॅकलच्या नावापुढे लाल आहे. घोटा. या शनिवारी नाही, पुढच्याही शनिवारी बहुधा नाही.

उजव्या हाताचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा खेळाडू, चेंडू फेकायला वळतो तेव्हा त्याची पाठ डावीकडे असते आणि तिकडून अंगावर येणारा माणूस त्याला दिसत नाही. त्या माणसाला थोपवणारा दीडशे किलोच्या आसपासचा गडी म्हणजे डावा टॅकल. प्रेक्षकांना तो एरवी आठवत नाही. तो चुकला की मात्र क्वार्टरबॅक स्ट्रेचरवर जातो आणि मग सगळ्यांनाच आठवतो.

मी त्याची पट्टी काढून बाजूच्या लाल रकान्यात लावते आणि खालची पट्टी वर सरकवते. पट्टी सरकवायला दोन सेकंद लागतात. खालचा माणूस खरोखर वर आला की नाही, ही बाकीच्या दिवसाची गोष्ट.

सकाळी 7:00

स्टाफची बैठक. ऑफेन्सिव्ह लाइनच्या, म्हणजे क्वार्टरबॅकपुढच्या पाच जणांच्या, कोचचं म्हणणं, उजव्या टॅकलला डावीकडे आणू, तो अनुभवी आहे. उजवीकडे गार्डला सरकवू, गार्डच्या जागी राखीव घालू. सगळ्यात चांगले पाच जण मैदानात हवेत, हा या धंद्यातला जुना हिशेब. हेड कोचनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘एक जागा दुखली म्हणून तीन जागा हलवायच्या नाहीत. त्या पोराला आपण दोन वर्षं कशाला सांभाळलं?’’ मग माझ्याकडे वळून विचारलं, ‘‘सीझनमध्ये त्याला पहिल्या फळीबरोबर किती रेप मिळाल्या?’’

मी आकडा सांगितला. फार नव्हता. खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही, कारण दोष त्या पोराचा नव्हता.

रेप म्हणजे सरावातली एक चाल, सुरुवातीपासून शिट्टीपर्यंत. कॉलेज फुटबॉलचं खरं चलन हेच आहे आणि ते नेहमी तुटपुंजं असतं. दुसऱ्याला दिलेली प्रत्येक रेप पहिल्याच्या वाट्यातून जाते, आणि शनिवारी जिंकायचं असतं पहिल्याच्या जिवावर. त्यामुळे पहिल्या फळीलाच सगळं वाढायचा मोह प्रत्येक कोचला होतो. राखीव माणूस तयार आहे की नाही हे मग त्याला मैदानात ढकलल्यावरच कळतं.

इथे ओहायो स्टेटचा 2014 चा सीझन कुणी ना कुणी काढतोच. पहिला क्वार्टरबॅक ब्रॅक्स्टन मिलर ऑगस्टमध्येच जायबंदी झाला. दुसऱ्या जे. टी. बॅरेटने संघ नोव्हेंबरपर्यंत ओढला, आणि मिशिगनविरुद्ध त्याचा घोटा मोडला. तिसरा, कार्डेल जोन्स, कारकिर्दीत पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळला तो थेट परिषदेच्या, म्हणजे विद्यापीठांच्या गटाच्या, अंतिम सामन्यात. विस्कॉन्सिन 59-0 असं हरलं. पुढे अलाबामा 42-35, आणि जानेवारी 2015 मध्ये राष्ट्रीय विजेतेपदासाठी ओरेगॉन 42-20. लोकांना जोन्सचा दणकट हात आठवतो. हा धंदा करणाऱ्यांना प्रश्न पडतो तो वेगळा: ऑगस्ट ते नोव्हेंबर तिसऱ्या क्रमांकावर बसलेल्या मुलाला कोण शिकवत होतं?

सकाळी 8:30

खेळाडू वर्गांना गेलेत. मी हिशेबाला बसते.

आता संघात जास्तीत जास्त 105 खेळाडू. जून 2025 मध्ये न्यायालयाने ‘हाउस’ खटल्यातला समझोता मान्य केला, 1 जुलैपासून तो लागू झाला, आणि तो स्वीकारलेल्या विद्यापीठांना शिष्यवृत्त्यांऐवजी माणसांचीच मर्यादा आली. आधी मर्यादा होती ती शिष्यवृत्त्यांची: 1973 मध्ये 105, 1978 मध्ये 95, 1994 पासून 85. त्याखेरीज स्वखर्चाने शिकणारे, नुसत्या हौसेने येणारे वॉक-ऑन हवे तितके ठेवता येत. सरावात प्रतिस्पर्ध्याचं सोंग घेणारी स्काउट टीम मुख्यतः त्यांच्यावर चालायची. त्यांतल्या अनेकांची जागा आता कागदावरच उरली नाही.

बाहेरच्याला 105 म्हणजे जत्रा वाटते. पण मोजून बघा. दोन्ही बाजूंची दुसरी फळी धरली की 44 झाले. किकर, पंटर, लांबून चेंडू मागे देणारा लाँग स्नॅपर. दर आठवड्याला दुखापतीत दहा-बारा. नुकतेच शाळेतून आलेले, अंग भरायचं बाकी असलेले वीस-पंचवीस. त्यांना शक्यतो राखून ठेवायचं. 2018 पासूनच्या नियमाने असा मुलगा सीझनमध्ये चार सामन्यांपर्यंत खेळला तरी त्याचं वर्ष खर्ची पडत नाही. पाच वर्षांत चार सीझन खेळायची त्याची मुभा शाबूत राहते. प्रत्येक नवख्याच्या नावापुढे माझ्याकडे चार चौकटी आहेत. पाचव्यांदा त्याला आत पाठवायचं असेल तर तो निर्णय हेड कोचचा, कारण एका शनिवारच्या अडचणीसाठी मुलाचं अख्खं वर्ष जातं.

सकाळी 11:00

दुसऱ्या क्वार्टरबॅकची हेड कोचबरोबर दहा मिनिटांची भेट. मी वही घेऊन बाजूला बसलेली असते.

हे भेटणं पूर्वी इतकं गरजेचं नव्हतं. ऑक्टोबर 2018 मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी, सुरू झालं. 2021 पासून एकदा विद्यापीठ बदललं तरी लगेच खेळता येऊ लागलं, आणि 2024 मध्ये ‘एकदा’ची अटही गेली, अभ्यासात पास असलं की झालं. 2021 च्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात, आता विद्यापीठही थेट पैसे देतं. म्हणजे राखीव मुलाकडे वाट पाहण्याचं कारण उरलं नाही. जो खरंच चांगला दुसरा आहे, तो दुसरीकडे पहिला होऊ शकतो.

पोर्टलला मी नावं ठेवत नाही, माझं निम्मं काम त्यावरच चालतं. इंडियाना 2023 मध्ये 3-9 (तीन विजय, नऊ पराभव) होती. कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसनहून तिकडे कोच म्हणून गेले, तिथले बरेच खेळाडू त्यांच्यामागे आले आणि 2024 मध्ये इंडियाना 11-2 वर जाऊन प्लेऑफला पोहोचली. मात्र त्या मुलांना सिग्नेटींची पद्धत आधीच अंगवळणी पडलेली होती, हे विसरून लोक नुसती खरेदीची यादी करतात.

हेड कोच त्या मुलाला गोडगोड सांगत नाहीत. ‘‘आज तू दुसरा आहेस. का आहेस ते या तीन क्लिपमध्ये बघ. सीझन संपल्यावर तुला जायचं असेल तर मला आधी येऊन सांग, मी तुझ्यासाठी फोन करेन. पण शनिवारी दुसऱ्याच चालीवर मी तुला बोलावलं तर तू तयार हवास.’’ मुलाने विचारलं, ‘‘कोच, मला रेप किती मिळणार?’’ पुन्हा तोच प्रश्न. कोचनी त्याला आकडा दिला, आणि मी तो वहीत लिहिला. आता तो मोडता येणार नाही.

राखीव माणूस तयार असण्याचं फळ काय, हे अलाबामाने दाखवलं. 8 जानेवारी 2018, राष्ट्रीय अंतिम सामना, जॉर्जियाविरुद्ध मध्यंतराला 0-13. निक सेबन यांनी पहिल्या क्वार्टरबॅकला, जेलन हर्ट्सला, बसवलं आणि टुआ टॅगोवायलोआ या नवख्याला घातलं. अलाबामा जादा वेळेत 26-23 जिंकली. त्या वर्षाच्या डिसेंबरात परिषदेच्या अंतिम सामन्यात, पुन्हा जॉर्जियाविरुद्ध, टुआ दुखावला आणि हर्ट्स बाकावरून उठून आला. 35-28. वर्षभर बाकावर बसूनही तो गंजला नव्हता. सीझन संपल्यावर तो ओक्लाहोमाला गेला, आणि गेला त्यात काही वावगं नव्हतं.

दुपारी 1:30

सरावाची स्क्रिप्ट. पाच-पाच मिनिटांचे 24 तुकडे, म्हणजे दोन तास. आठवड्याला एकंदर 20 तास, दिवसाला चार, यापेक्षा जास्त वेळ खेळाडूंकडून घ्यायला कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएए हिची मनाई आहे. वजनं उचलणं आणि कोचबरोबर फिल्म पाहणं त्यातच आलं. वेळ ताणता येत नाही, फक्त वाटता येतो.

एरवी संघ म्हणून खेळायच्या तुकड्यांत पहिल्या फळीला तीन रेप तर दुसऱ्या फळीला एक, असं प्रमाण असतं. आज लाइनच्या कोचनी स्वतःहून खोडरबर घेतलं. नवा डावा टॅकल सगळ्या पहिल्या रेप घेणार; आणि त्याच्या जागी दुसऱ्या फळीत शाळेतून आलेला नवखा. कारण शनिवारी दुसराही पडला तर? डेप्थ चार्टमध्ये कुणी वर सरकला की खाली जे भोक पडतं त्याच्याकडे पाहायचं कुणाला सुचत नाही.

दुपारी 3:30

हॉर्न वाजतो, पहिला तुकडा.

मी कडेला टॅब्लेट घेऊन उभी. एका कोपऱ्यात दुसरा सेंटर आणि दुसरा क्वार्टरबॅक, दोघांच्या मध्ये पाण्याची बादली. सहायक मुलगा चेंडू बुचकळून काढतो आणि तसाच निथळता सेंटरच्या हातात देतो. सेंटर दोन पायांमधून मागे फेकतो, क्वार्टरबॅक साडेचार मीटरवर झेलतो. पहिला निसटतो, दुसरा घोट्याशी, तिसरा छातीवर बसतो. चाळीसेक वेळा हे चालतं. पावसाचा अंदाज नसला तरी चालतं, कारण घाम फुटलेल्या दुपारीही चेंडू ओलाच असतो, आणि पहिली जोडी वर्षभर एकत्र असते तशी ही दुसरी जोडी नसते.

मग पूर्ण संघ. 2024 पासून हेल्मेटमध्ये कोचचा आवाज ऐकू येतो, पण चालीच्या घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो बंद. पहिल्या क्वार्टरबॅकला त्याची सवय झाली आहे. दुसरा आवाज तुटल्यावर अजून क्षणभर बाकाकडे बघतो. म्हणून आज त्याच्या रेपमध्ये कोच मुद्दाम उशिरा बोलतात.

डाव्या टॅकलच्या जागेवर नवा मुलगा पहिल्याच चालीत खाली बसतो तो जरा जास्तच पुढे झुकून. बचावाचा कडेने घुसणारा एज रशर त्याच्या बगलेखालून निघून जातो. दुसऱ्या चालीतही तेच. लाइनचे कोच ओरडायला तोंड उघडतात, तेवढ्यात मागून जखमी टॅकल, पायात प्लॅस्टिकचा बूट, लंगडत पुढे येतो. तो पोराच्या उजव्या हाताकडे बोट दाखवतो: बोटं जमिनीवर टेकलीत, पण सगळा भार त्यांच्यावर आहे, नखं पांढरी पडलीत. ‘‘नखं पांढरी दिसली की रशरला कळतं, ही धावायची चाल आहे. भार मांड्यांवर घे.’’ तिसऱ्या चालीत पोरगा मागे सरकतो, दोन पावलं, तीन, आणि रशर त्याच्या छातीवर आदळून थांबतो.

जागा गेलेल्या माणसाने आपल्याच जागेवर आलेल्याला शिकवावं, हे आपोआप होत नाही. आमचे हेड कोच दुखापतग्रस्ताला सराव चुकवू देत नाहीत. उपचार झाले की मैदानात यायचं आणि आपल्या खालच्या माणसामागे उभं राहायचं. पहिल्या वर्षी मुलं कुरकुरली म्हणतात. आता नव्याला जुना सांगतो.

संध्याकाळी 6:15

जेवण. मुलं खात असताना कोचेस टेबलांमधून फिरतात. नवा टॅकल तिसऱ्या ताटावर आहे. त्याच्या शेजारी जखमी टॅकल. दोघंही फोनवर शनिवारच्या प्रतिस्पर्ध्याच्या रशरची फिल्म बघत आहेत. दिवसाचे तास संपले की नियमाने कोचला त्यांच्याकडून काही करून घेता येत नाही. त्यांना आपसांत बघायला कुणाचीच बंदी नाही.

रात्री 8:00

सरावाची फिल्म लावून एकेका रेपला गुण. नव्या टॅकलच्या 46, त्यांपैकी सहा वाईट. चार पहिल्या पंधरा मिनिटांत. नवख्या टॅकलच्या 14, निम्म्या वाईट, आणि त्यात कुणाला आश्चर्य नाही. दुसऱ्या क्वार्टरबॅकला वहीतल्या आकड्यापेक्षा दोन कमी मिळाल्या. लाइनचे कोच म्हणाले, तुकडा लांबला, उद्या भरून काढू. मी त्या दोन उद्याच्या स्क्रिप्टमध्ये वेगळ्या रंगाने घातल्या, म्हणजे कुणाला विसरता येणार नाही.

वर्तमानपत्रांना जो डेप्थ चार्ट जातो, त्यात फक्त नावं असतात. संघात खोली किती आहे हे नावांवरून कळत नाही; पोर्टलमधून किती जण आणले यावरूनही कळत नाही. ते कळतं रेपच्या या कोष्टकावरून, आणि हे कोष्टक म्हणजे हेड कोचनी त्या आठवड्यात कुणाकुणावर विश्वास टाकला याचा जमाखर्च. भाषणं सगळेच कोच करतात.

रात्री 9:30

कोष्टक हेड कोचना पाठवलं. घरी निघताना उत्तर आलं, नव्या टॅकलबद्दल: ‘‘उद्या त्याला आपल्या सगळ्यात चांगल्या रशरसमोर उभं करा. सगळ्या रेप.’’