मदतीची यादी आणि माणसाची अब्रू

नालासोपारा स्थानकाच्या पूर्वेस पसरलेल्या तुळिंज परिसरात लहान कारखान्यांतील कामगार, फेरीवाले, घरकाम करणाऱ्या स्त्रिया आणि रोज पहाटे लोकलने मुंबईकडे निघणारे नोकरदार भिंतीला भिंत लावून राहतात. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, पुढे २०२० च्या टाळेबंदीत अनेकांचे हातचे काम सुटले. अशा प्रसंगी धान्य, औषधे आणि शिजवलेले अन्न घेऊन जे स्वयंसेवक पुढे होतात, त्यांच्या कार्याचा आरंभ बहुधा एका यादीनेच होतो. नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक, घरातील माणसे, आजार, आधार कार्डाची झेरॉक्स असा सारा तपशील गरजू मनुष्य निमूटपणे हवाली करतो, कारण नकार दिला तर धान्य मिळणार नाही अशी धास्ती त्याच्या मनात असते.

हीच यादी दुसऱ्याच्या हाती पडली, तर सावकाराला थकलेल्या देणेकऱ्याचा ठिकाणा लागतो, नवऱ्याच्या मारहाणीतून निसटून आलेली स्त्री पुन्हा उघडी पडते, आणि क्षयावर उपचार घेणाऱ्या भाडेकरूस खोली रिकामी करण्याचा निरोप येतो. म्हणून गुप्तता ही मदतीला मागाहून जोडायची सभ्यता नव्हे. ती मदतीचाच भाग आहे, असे माझे ठाम मत आहे.

महाराष्ट्राला हे नवे नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा विधवांनी तेथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, असे आवाहन त्यांनी जाहीर पत्रके लावून केले. संस्था उघड आणि आश्रयास येणारी स्त्री मात्र गुप्त, ही त्या योजनेची खरी दूरदृष्टी होय. कारण नाव फुटण्याचे भय असते, तर लोकापवादाने गांजलेल्या एकाही स्त्रीने त्या घराचा उंबरठा ओलांडला नसता. फुले दांपत्याने पुढे दत्तक घेतलेला यशवंत हा अशाच एका विधवेचा पुत्र.

आजच्या स्वयंसेवकाने प्रथम स्वतःलाच विचारावे, की हा तपशील मला कशासाठी हवा? शिधा द्यायचा तर कुटुंबातील माणसांची संख्या पुरते. जात, वेतन वा आधार क्रमांक यांचे तेथे प्रयोजन नाही. ओळखीची खातरजमा अपरिहार्यच असेल, तर कार्ड पाहून परत द्यावे, किंवा ज्यात शेवटचे चारच अंक दिसतात असे झाकलेले आधार स्वीकारावे. सर्वांच्या व्हॉट्सॲप समूहात संपूर्ण यादी टाकण्याऐवजी प्रत्येक कार्यकर्त्यास त्याच्या गल्लीपुरती नावे द्यावीत. आजाराची नोंद तर औषध पोहोचविणाऱ्यापलीकडे जाऊच नये. आणि शिध्याची पिशवी घेताना काढलेले छायाचित्र! देणगीदारास हिशेब हवा हे रास्तच, परंतु खरेदीच्या पावत्या आणि वाटपाची क्रमांकवार नोंद त्याला दाखविता येते. त्यासाठी कोणा मातेचा चेहरा गावभर फिरविण्याची गरज नाही.

कायदाही आता या बाजूस उभा आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरविला. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहिती कोणत्या हेतूने घेतली जाते हे स्पष्ट सांगावे, हेतू संपताच ती पुसावी, आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची संमती घ्यावी, हा त्याचा गाभा. आपत्तीत साह्य करताना संमतीवाचूनही माहिती वापरण्याची मुभा त्यात आहे, पण ती त्या साह्यापुरतीच. केवळ कागदावर राहिलेली नोंद या कायद्याच्या कक्षेत येत नाही. तरी जबाबदार मंडळाने वहीलाही तोच नियम लावावा.

माहिती फुटण्याच्या धोक्यातून मोठ्या संस्थाही सुटत नाहीत. जानेवारी २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीच्या संगणकांवर झालेल्या हल्ल्यात पाच लाखांहून अधिक माणसांची माहिती परक्या हाती गेली, आणि त्यांत युद्धाने व आपत्तीने कुटुंबापासून ताटातूट झालेले लोक होते. समितीने ती घटना स्वतःहून जाहीर केली. तुळिंजमधल्या एखाद्या मंडळाच्या कार्यकर्त्याचा मोबाइल लोकलच्या गर्दीत हरवला, तर त्यानेही त्याच दिवशी यादीतल्या माणसांना तसे कळवावे. वाटप संपल्यावर ठरावीक मुदतीत झेरॉक्स प्रती रद्दीत न घालता फाडून नष्ट कराव्यात, प्रत्येकाच्या मोबाइलमधली यादी पुसली गेल्याची रुजुवात एका जाणत्या सभासदाने करावी, आणि त्या दिवसाची तारीख मंडळाच्या इतिवृत्तात नोंदवावी.