बुरशीला मानाचं पान

लोणच्याच्या बरणीत पांढरी बुरशी दिसली की आपल्याकडे अख्खं घर हळहळतं. जपानमध्ये मात्र एका बुरशीसाठी लाकडी भिंतींची उबदार खोली बांधतात आणि रात्री-अपरात्री उठून तिची विचारपूस करतात. ही कोजीची बुरशी, शास्त्रीय नाव ॲस्परजिलस ओरायझी. साके होते ती हिच्यामुळे.

आपण जिला साके म्हणतो तिला जपानी माणूस ‘निहोनशू’ म्हणतो. ‘साके’ हा त्यांच्याकडे कुठल्याही मद्याला चालणारा शब्द. तांदूळ, पाणी, कोजी आणि यीस्ट एवढाच तिचा मूळ शिधा. पण यीस्टला लागते साखर. द्राक्षांत किंवा काजूच्या बोंडांत ती तयारच असते. तांदळात असतो तो स्टार्च. भाताचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो, कारण लाळ स्टार्चची साखर करू लागते. प्राचीन जपानमध्ये तांदूळ चावून, भांड्यात थुंकून मद्य करत, ते याच गुणावर. पुढे लाळेचं काम कोजीनं अंगावर घेतलं.

सुरुवात तांदूळ घासण्यापासून. यामादा निशिकीसारख्या खास जातींचा दाणा मोठा, पोटात पांढरा, स्टार्चनं भरलेला. वरच्या थरातली प्रथिनं आणि स्निग्धांश चव बिघडवतात, म्हणून तो घासून काढतात. ‘गिंजो’साठी दाण्याचा जास्तीत जास्त 60 टक्के भाग ठेवतात, ‘दाइगिंजो’साठी 50 टक्के. म्हणजे निम्मा तांदूळ पीठ होऊन बाजूला पडतो! मग तांदूळ धुऊन, भिजवून वाफवतात. दाणा बाहेरून मोकळा आणि आतून मऊ हवा. त्यातल्या काहीवर कोजीचे बीजाणू भुरभुरतात. तिसाहून अधिक अंश तापमानाच्या खोलीत दोनेक दिवसांत दाण्यांवर पांढरी लव चढते आणि भाजलेल्या चेस्टनटसारखा वास सुटतो.

त्यानंतर यीस्टचं विरजण. ते जोमात आलं की चार दिवसांत तीन हप्त्यांनी भात, कोजी आणि पाणी वाढवत नेतात. दुसऱ्या दिवशी काहीच घालत नाहीत. यीस्टला वाढायला उसंत मिळते. या खाड्याचं नाव ‘ओदोरी’, म्हणजे नाच. बिअरमध्ये आधी साखर होते, मग ती आंबते. इथे एकाच पिंपात कोजी साखर करत असते आणि यीस्ट ती संपवत असतं. त्यामुळे ऊर्ध्वपातनाशिवाय अल्कोहोल 20 टक्क्यांपर्यंत चढतं. पुढे पाणी घालून ते बहुधा 15-16 टक्क्यांवर आणतात. गाळून उरलेल्या चोथ्यात भाज्या मुरवून नारा भागात ‘नाराझुके’ हे लोणचं करतात. बुरशी अशी लोणच्याच्याही कामी येते.

या धंद्याचं मोठं ठाणं म्हणजे कोबे ते निशिनोमिया किनाऱ्यावरचा नादा. निशिनोमियाच्या विहिरींचं ‘मियामिझू’ पाणी 1840मध्ये नावारूपाला आलं. त्यात लोह अगदी कमी, पण यीस्टला पोसणारी खनिजं भरपूर. साके होते कडक, ठसकेबाज. क्योतोतल्या फुशिमीचं पाणी मृदू, तिथली साकेही तशीच. नाद्यात हिवाळ्यात तांबा भागातले शेतकरी राबायला येत. त्यांच्या मुख्य कारागिराला ‘तोजी’ म्हणतात. घड्याळाऐवजी गाणी होती: अमुक गाणं संपेपर्यंत ढवळायचं.

नवी साके तयार झाली की दारावर सीडारच्या डहाळ्यांचा हिरवा गोळा टांगतात. तो वाळून तपकिरी होईतो साकेही मुरत आलेली असते.

चाखण्यासाठी पांढरी वाटी असते, तळाशी दोन निळी वर्तुळं. त्यांच्या कडा किती स्वच्छ दिसतात, यावरून साकेचा नितळपणा जोखतात. मग वास, मग घोट. सुवासिक गिंजो थंड बरी. भरदार चवीची साके कोमट केली की खुलते. तापमानांनाही नावं आहेत: 5 अंशाला ‘बर्फगार’, 10 अंशाला ‘फुलगार’ अशा अर्थाची. बाटली मात्र वर्षानुवर्षं जपायची नसते. बहुतेक साके ताजी असतानाच संपवावी.

डिसेंबर 2024मध्ये युनेस्कोनं साके करण्याची ही कला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. त्या नोंदीच्या नावातच कोजीच्या बुरशीचा उल्लेख आहे.