चार फोटो, किती मिलिग्रे?

ऑक्टोबर लागला की परळ-लालबागमध्ये गुलाबी फलक झळकतात, मॅमोग्राफीवर, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेवर, सवलती जाहीर होतात आणि ‘त्या किरणांनीच कॅन्सर होतो’ हा निरोपही फोनवर फिरू लागतो. त्यावर ठरलेले उत्तर, ‘डोस अगदी नगण्य.’ नगण्य म्हणजे किती, ते मात्र सहसा कुणी सांगत नाही.

आकडा आहे, पण तो थेट मोजता येत नाही. खरा धोका स्तनातल्या ग्रंथींना, आणि तिथे मोजणी-यंत्र घालणार कसे? म्हणून पृष्ठभागापाशी किती किरण पोहोचले ते मोजतात आणि त्याला गुणक लावतात. दाबलेल्या स्तनाची जाडी, ग्रंथी आणि चरबीचे प्रमाण, एक्स-रे नळीतला धातू, सगळे त्यात धरलेले असते. निघतो तो सरासरी ग्रंथी-डोस. यंत्राची परीक्षा ॲक्रिलिकच्या ठोकळ्यावर होते. 4.5 सेंटिमीटरच्या ठोकळ्याला युरोपची मर्यादा 2.5 मिलिग्रे (मिलिग्रे हे शोषलेल्या किरणांचे माप) आहे. खरी बाई ठोकळ्यासारखी कुठे असते? जाडी वाढली की डोसही वाढतो. बायका ज्याला वैतागतात ते दाबणे डोस कमी करण्यासाठीही असते.

दोन्ही बाजूंचे मिळून चार फोटो. साऱ्या शरीराच्या हिशेबात सुमारे 0.4 मिलिसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून दोनेक महिन्यांत मिळतो तेवढा किरणोत्सर्ग. भीतीचा बाऊ नको, हे खरेच.

पण गंमत पाहा. तंत्रज्ञाच्या छातीवर किरण मोजणारा टीएलडी बिल्ला असतो आणि त्याची नियमित नोंद ठेवली जाते. जिच्यावर किरण पडतात ती मात्र बहुधा आकड्याविनाच घरी जाते. डिजिटल यंत्र डोसचा अंदाज फोटोसोबत साठवते. तो अहवालात एका ओळीत उतरवायला खर्च तो काय?

परळच्याच टाटा रुग्णालयाने बिनकिरणांची वाटही तपासली आहे. डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या नेतृत्वाखाली 1998मध्ये मुंबईतल्या दीड लाखावर स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. निम्म्या जणींची स्तनतपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातांनी करत. 2021मध्ये निष्कर्ष आले: पन्नाशीपुढे स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी, पन्नाशीखाली तसा फायदा नाही. मॅमोग्राफीशी तुलना त्यात नव्हती, त्यामुळे हात यंत्राला हरवतात असे म्हणता येणार नाही.

गाठ लागलेल्या बाईने डोसचा विचारही न करता फोटो काढावा. प्रश्न आहे तो काहीच तक्रार नसलेल्या तिशी-पस्तिशीतल्या मुलींना सवलतीच्या रांगेत उभे करणाऱ्या शिबिरांचा.