डेटाबेस-जोडण्यांचा साठा आणि त्याची निगा

गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातील चिचगड व त्याच्या आसपासची गावे यांतील तलावांची पाहणी करून तिच्या नोंदी भ्रमणध्वनीवरून विभागाच्या संगणकाकडे पाठवाव्यात, अशी एक योजना काही वर्षांपूर्वी एका विभागाने आखली होती. तिची संगणकीय बाजू तपासण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले ते एका क्षुल्लक भासणाऱ्या तक्रारीमुळे. चिचगडचा कार्यकर्ता सकाळी दहानंतर दिवसाची पहिली नोंद पाठवी आणि ती हटकून नाकारली जाई. तीच नोंद दुसऱ्यांदा पाठविली की विनातक्रार स्वीकारली जाई. खेड्यातील जाळे दुर्बळ, असे सर्वांनी गृहीत धरले होते, आणि पहिली नोंद दोनदा पाठवायची असा रिवाजच पडून गेला होता. परंतु एखाद्या दिवशी हाच गृहस्थ पावणेदहाला कामास लागला, तर त्याची पहिली नोंदही सुखरूप पोचे. जाळ्याच्या दुर्बळतेला घड्याळ कळत नाही. तेव्हा दोष दुसरीकडे कोठेतरी असला पाहिजे, हे उघड होते.

तो सापडला डेटाबेस-जोडण्यांचा साठा सांभाळणाऱ्या सुमारे दोनशे ओळींच्या एका आज्ञावलीत. ती लिहिणारे विद्यार्थी पदवी घेऊन केव्हाच निघून गेले होते. या निमित्ताने अशा साठ्याचे कार्य काय, आणि तो वर्षानुवर्षे चालू ठेवणे म्हणजे नेमके काय करणे, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

आज्ञावलीला डेटाबेसशी बोलावयाचे असेल तर प्रथम जोडणी उभारावी लागते. दोन संगणकांत हस्तांदोलन, मग बहुधा गुप्ततेचा करार, मग नाव व परवलीचा शब्द यांची पडताळणी, मग सत्राची मांडणी, असे अनेक हेलपाटे त्यात पडतात. शिवाय पोस्टग्रेस्क्यूएलसारखा डेटाबेस प्रत्येक जोडणीसाठी एक स्वतंत्र प्रक्रिया चालवितो, आणि एका वेळी किती जोडण्या स्वीकारावयाच्या याची त्याची मूळ मर्यादा १०० आहे. एक ओळ लिहिण्यासाठी दर वेळी हा सारा खटाटोप करणे परवडत नाही. म्हणून काही जोडण्या आधीच उभारून ठेवावयाच्या, मागेल त्याला एक उसनी द्यावयाची, काम संपताच परत घ्यावयाची, हा उपाय रूढ झाला. आपल्या व्यवसायात यालाच ‘कनेक्शन पूल’ म्हणतात. उसनी दिलेली वस्तू खरी जोडणी नसते, तिच्याभोवतीचे एक वेष्टन असते. वापरणारा ‘बंद कर’ म्हणतो तेव्हा वेष्टन ती आज्ञा गिळून टाकते व जोडणी मुकाट्याने साठ्यात परत ठेवते. ही गोड फसवणूक हाच या शास्त्राचा गाभा होय, आणि त्यातील बहुतेक दुखणीही तेथेच उपजतात.

मायएसक्यूएल हा डेटाबेस २८,८०० सेकंद, म्हणजे आठ तास, निःशब्द राहिलेली जोडणी आपल्या बाजूने तोडून टाकतो. ही त्याची मूळ मांडणी आहे. साठ्याला मात्र त्याची वार्ता नसते. पुढचा प्रश्न विचारीपर्यंत त्याच्या लेखी ती जोडणी जिवंतच असते. आमच्या प्रकरणातील यंत्रणा रोज पहाटे दोन वाजता बंद करून पुन्हा सुरू केली जात असे. दोन आणि आठ दहा. दहा वाजण्यापूर्वी कोणी नोंद पाठविली तर जोडण्या जाग्या राहत. एरवी दहाच्या ठोक्याला साऱ्या एकदम मृत होत. पहिल्या चुकीनंतर सगळा साठा रिकामा करून नव्याने भरण्याची सोय त्या विद्यार्थ्यांनी सद्‌भावनेने करून ठेवली होती. म्हणूनच दुसरी नोंद जाई, आणि म्हणूनच मूळ दोष वर्षभर झाकून राहिला.

मग पहाटे दोनला यंत्रणा बंद का करीत? चौकशीअंती कळले की, पूर्वी दर तीनचार दिवसांनी सारे काम ठप्प होई, त्यावर कोणीतरी काढलेला तो तोडगा होता. तलावाचे छायाचित्र ठरीव आकारापेक्षा मोठे असले की आज्ञावली मध्येच अडखळे, आणि उसनी घेतलेली जोडणी परत करण्याच्या ओळीपर्यंत ती पोचतच नसे. साठ्यात जोडण्या दहा. अशी दहा छायाचित्रे आली की साठा रिता होई व पुढचा प्रत्येक जण ताटकळत राही. घडा कोठे झिरपतो हे न पाहता तो रोज पहाटे भरण्याची व्यवस्था करण्यात आली. ती व्यवस्था करणाऱ्यास दोष देण्याचे कारण नाही. रात्री अडलेले काम सकाळी चालू झालेले सर्वांना हवे असते.

दुरुस्ती दोन दिवसांत झाली. जोडणी परत करण्याची ओळ अशा ठिकाणी हलविली की काम सफल होवो वा विफल, ती पाळली जावीच. आणि उसनी देण्यापूर्वी प्रत्येक जोडणीला एक निरर्थक प्रश्न विचारून ती जिवंत असल्याची खात्री करावी, असे ठरविले. यातही खर्च आहे, कारण प्रत्येक कामामागे एक जादा हेलपाटा पडतो. ब्रेट वूलड्रिज यांच्या ‘हिकारीसीपी’ या लायब्ररीने त्यावर मार्मिक तडजोड केली आहे. गेल्या ५०० मिलिसेकंदांत वापरली गेलेली जोडणी ती न तपासताच देते. त्याहून अधिक काळ पडून असलेली मात्र तपासते. शिवाय प्रत्येक जोडणीला तिने आयुर्मर्यादा घातली आहे, ती मुळात ३० मिनिटांची. त्या मर्यादेत किंचित यादृच्छिक फरकही ठेवलेला आहे, म्हणजे एकाच क्षणी जन्मलेल्या साऱ्या जोडण्या एकाच क्षणी मरणार नाहीत. आमचे दहा वाजताचे प्रकरण आठवले म्हणजे या किंचित फरकाचे मोल कळते.

अर्थात्, घरी विणलेले दोनशे ओळींचे जाळे टाकून देऊन सार्वजनिक लायब्ररी वापरणे श्रेयस्कर, असा सल्ला कोणीही देईल. आम्हीही तेच केले. परंतु त्यामुळे निगा संपते असे नाही. ती दुसऱ्याच्या हाती जाते आणि तिचा काही भाग नव्या रूपाने आपल्याकडे परत येतो. जावाच्या जगातला इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. डेटाबेसशी बोलण्याचा जेडीबीसी हा ठराव १९९७ साली जावाच्या १.१ आवृत्तीबरोबर आला. साठ्याचे वेष्टन या ठरावातील जोडणीच्या प्रत्येक क्रियेची नक्कल करीत असते. साहजिकच ठरावात नवी क्रिया आली की जुने वेष्टन अपुरे पडते. २००६ च्या जावा ६ ने जोडणी जिवंत आहे काय हे विचारण्याची क्रिया दिली, २०११ च्या जावा ७ ने जोडणी तडकाफडकी तोडण्याची दिली. दोन्ही क्रिया साठ्याच्या हिताच्याच. पण त्यांपायी साठे सांभाळणाऱ्यांची मोठी तारांबळ उडाली. अपाचे प्रकल्पाच्या ‘डीबीसीपी’ला २०१० साली एकाच वेळी दोन आवृत्त्या काढाव्या लागल्या : जुन्या जावासाठी १.३ आणि जावा ६ साठी १.४. एकच मूळ संहिता दोन भिन्न ठरावांखाली नांदू शकत नव्हती. २०१४ साली जावा ८ ने ठरावातच क्रियेचा मूळ नमुना देण्याची मुभा दिली, तेव्हा कोठे हा जाच बराचसा ओसरला.

त्याच वर्षी डीबीसीपीची २.० आवृत्ती निघाली. पहिल्या पिढीत सबंध साठ्याला एकच कुलूप होते. गर्दी वाढली की सारे थ्रेड त्या एका दाराशी खोळंबत, आणि याच कारणास्तव टॉमकॅटच्या मंडळींनी आपला निराळा साठा लिहिला होता. नव्या पिढीने हा दोष निवारला, पण मांडणीतील काही नावेही बदलली. जोडण्यांची कमाल संख्या सांगणारे ‘मॅक्सअॅक्टिव्ह’ हे नाव जाऊन ‘मॅक्सटोटल’ आले. एखाद्याने पूर्वी ५० ही संख्या लिहून ठेवली असेल व नाव बदलण्याचे राहून गेले असेल, तर फार तर नोंदवहीत एक इशारा उमटतो आणि साठा आपल्या मूळ संख्येवर, म्हणजे ८ वर, चालू लागतो. यंत्रणा कोसळत नाही, नुसती मंदावते. मंदावलेल्या यंत्रणेचे कारण शोधणे हे कोसळलेल्या यंत्रणेचे कारण शोधण्यापेक्षा कितीतरी कठीण असते, हा अनुभव वाचकांपैकी अनेकांनी घेतला असेल.

निगेत बदलाइतकाच न-बदलाचाही प्रश्न येतो. २०२३ च्या जावा २१ मध्ये ‘आभासी थ्रेड’ आले आणि जुन्या पद्धतीचे कुलूप त्यांना खिळवून ठेवते असे आढळले. पोस्टग्रेस्क्यूएलचा जावा-ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी त्याच वर्षी ती कुलपे बदलली. पुढे २०२५ च्या जावा २४ ने हा दोष मुळातच दूर केला. ज्यांनी घाई केली नाही त्यांचे श्रम वाचले; परंतु मधल्या दीड वर्षात त्यांच्या वापरकर्त्यांनी काय सोसले, हाही हिशेब मांडावा लागेल. उलट ‘पीजीबाउन्सर’चे पाहा. २००७ मध्ये स्काइप कंपनीतून बाहेर आलेला हा साठा स्वतंत्र सेवक म्हणून चालतो. व्यवहारागणिक जोडणी वाटताना आधी सिद्ध केलेल्या प्रश्नांना त्याचा आधार नव्हता, तो २०२३ च्या १.२१ आवृत्तीत मिळाला. सोळा वर्षे वापरकर्त्यांनी आडवाटेने काम भागविले. या दोहोंपैकी कोणता संयम योग्य, हे आधी सांगता येत नाही.

आता हातांचा प्रश्न. ज्या तलावांची पाहणी चालली होती त्यांच्याकडे पाहताना तो मनात आल्यावाचून राहत नाही. चिचगड ही पूर्वीच्या भंडारा जिल्ह्यातील एक जमीनदारी. कोहळी समाजाच्या तलावबांधणीबद्दल हा सारा प्रदेश ख्यात आहे. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी याने बांधला असे मानतात. १९५० च्या मध्य प्रदेश मालकीहक्क निर्मूलन कायद्याने मालगुजारी गेली, तलाव शासनाकडे आले. पाणी घेणारे तेच राहिले. गाळ उपसण्याचे व पाळ सावरण्याचे काम मात्र अनेक ठिकाणी कोणाचेच उरले नाही. सार्वजनिक लायब्ररींची अवस्था याहून फारशी निराळी नाही. त्यांचे पाणी हजारो आज्ञावलींस पोचते आणि पाळीवर एखाददुसराच माणूस उभा असतो. स्टीव्ह वॉल्डमन यांच्या ‘सी-थ्री-पी-झीरो’ या जुन्या साठ्यात मांडणीची फाइल वाचणाऱ्या भागातच सुरक्षेचे दोन दोष उघडकीस आले व ते दुरुस्त करणे भाग पडले. जोडण्या उसन्या देण्याशी त्या दोषांचा काडीमात्र संबंध नव्हता. पण ‘माझे काम एवढेच’ असे निगा राखणाऱ्यास म्हणता येत नाही. मार्च २०२४ मधील ‘एक्सझेड’ प्रकरण तर सर्वश्रुतच आहे. एकट्याने वर्षानुवर्षे लायब्ररी सांभाळून थकलेल्या गृहस्थाला मदतीचा हात देत एकाने आत प्रवेश मिळविला व तेथे चोरदरवाजा बसविला. तो उघडकीस आणला पोस्टग्रेस्क्यूएलचे एक विकासक आंद्रेस फ्रॉइंड यांनी, आणि तोही प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो या कुतूहलापोटी.

आमच्याकडे विद्यार्थ्याच्या प्रबंधात नवी आज्ञावली लिहिण्यास गुण असतात. जुनी जिवंत ठेवण्यास नसतात. निदान पदव्युत्तर स्तरावर एका सत्राचे काम असे असावे की, आधीच्या तुकडीची यंत्रणा हाती घ्यावयाची, तिच्या लायब्ररी नव्या आवृत्तीवर न्यावयाच्या, आणि काय मोडले, का मोडले, कोणती संख्या कोणत्या कारणास्तव ठेवली, याची लेखी नोंद पुढच्या तुकडीकडे द्यावयाची. पहाटे दोनची वेळ कोणी व का ठरविली याची एक ओळ कोठे लिहिलेली असती, तर आमचे तीन आठवडे वाचले असते.

चिचगडच्या त्या कार्यकर्त्याचे एक काम मात्र दुरुस्तीनंतरही उरले. पहिली नोंद दोनदा पाठविण्याची सवय त्याच्या हाताला जडली होती, आणि आता दोन्ही नोंदी पोचू लागल्या. एकाच तलावाची एकच पातळी दोनदा. शेवटी प्रत्येक नोंदीला तिचा क्रमांक भ्रमणध्वनीवरच द्यावा आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर डेटाबेसने तो न नोंदता नुसती पोच द्यावी, अशी व्यवस्था केली. त्याला याविषयी काही सांगितले नाही. तो अजूनही दोनदा पाठवितो.