गीझर नवा, पण धुराचं काय?

दिवाळीचं अभ्यंगस्नान उरकलं की गीझरच्या दुकानांत गर्दी सुरू होते. यातल्या अनेकांना जुना, गळायला लागलेला गॅस गीझर बदलून हवा असतो. मग तीच भिंत, तेच स्क्रू, तेच बाथरूम, आणि अर्ध्या तासात मेकॅनिक मोकळा. किमतीवर घासाघीस होते, पण धूर कुठून बाहेर जाणार हे ना घेणारा विचारतो ना बसवणारा. थंडीत बाथरूममध्ये गुदमरल्याच्या बातम्या येतात, त्यांचं मूळ अनेकदा इथेच असतं. म्हणून पैसे मोजण्याआधी काही समजुती तपासून घेऊ.

गैरसमज १ : काही धोका असेल तर वास येईलच.

वस्तुस्थिती : वास येतो तो न जळलेल्या गॅसचा, आणि तोही गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. बंद बाथरूममध्ये जीव घेतो तो कार्बन मोनॉक्साइड. जळायला हवा अपुरी पडली की तो तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोळे चुरचुरत नाहीत की ठसका लागत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग हातापायांतलं बळ जातं. समोर कडी दिसत असते, पण ती काढायला हात उचलत नाही.

गैरसमज २ : दहा मिनिटांच्या आंघोळीने काय होतंय?

वस्तुस्थिती : हिशेब करून बघा. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचं तर गीझरला साधारण १२ किलोवॅट लागतात. म्हणजे स्वयंपाकाच्या शेगडीचे पाच-सहा बर्नर एकदम पेटवल्यासारखंच. या वेगाने तासाला जवळपास १ किलो एलपीजी जळतो, आणि १ किलो एलपीजी पूर्ण जळायला १२ ते १३ घनमीटर हवा लागते. ४ बाय ६ फुटांच्या, ८ फूट उंच बाथरूममध्ये हवाच मुळी साडेपाच घनमीटर. दहा मिनिटांत त्यातल्या दोन घनमीटर हवेतला ऑक्सिजन एकटा गीझर संपवतो. ऑक्सिजन असा घटत गेला की ज्योत अर्धवट जळू लागते आणि विषारी वायू झपाट्याने वाढतो. एकापाठोपाठ एक आंघोळी होतात तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्याला धोका जास्त, तो यामुळेच.

गैरसमज ३ : एक्झॉस्ट फॅन आहे, मग काळजी नाही.

वस्तुस्थिती : पंखा जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी कुठून तरी आत यावी लागते. दार-खिडकी बंद असेल तर बाथरूममधला दाब कमी होतो. साध्या गीझरच्या पाइपमधून धूर वर चढतो तो केवळ गरम असल्यामुळे. तो जोर फार नसतो. त्यापुढे छोटा पंखाही भारी पडतो आणि पाइपमधून जाणारा धूर उलटा खाली ओढतो.

याची परीक्षा सोपी आहे. गीझर चालू असताना त्याच्या वरच्या टोपाच्या फटीपाशी मेकॅनिकला पेटती उदबत्ती धरायला सांगा. उदबत्तीचा धूर आत ओढला गेला पाहिजे. आता पंखा लावा. धूर बाहेर ढकलला जाऊ लागला, तर गीझरचा धूरही खोलीतच येतोय.

गैरसमज ४ : धुराचा पाइप कुठेही सोडला, किचनच्या चिमणीला जोडला तरी चालतं.

वस्तुस्थिती : चिमणीला जोडणं सर्वांत धोक्याचं. चिमणीची मोटर चालू झाली की तिची हवा जोडलेल्या पाइपमधून उलटी गीझरकडे शिरू शकते. त्यात चिमणीच्या पाइपमध्ये तेलाचा चिकट थर असतो. तिथे गीझरचा गरम धूर सोडणं म्हणजे आगीला आमंत्रण. गीझरचा पाइप स्वतंत्रच हवा.

तो गीझरच्या तोंडाएवढ्याच व्यासाचा असावा. मध्येच बारीक केला की धूर तुंबतो. गीझरवरून आधी सरळ वर जावा, मग वळावा. आडवा भाग जितका कमी तितका बरा, आणि तोही मीटरमागे दोनेक सेंटिमीटर चढता. टोकाला पाऊस, वारा आणि पक्षी अडवणारी टोपी हवी. कबुतराचं घरटं पाइप बुजवायला पुरेसं होतं. आणि पाइप इमारतीच्या अरुंद डक्टमध्ये सोडला, तर तुमचा धूर वरच्या मजल्याच्या खिडकीतून शेजाऱ्यांच्या घरात जाईल.

गैरसमज ५ : सगळे गॅस गीझर सारखेच; फक्त लिटर बघायचे.

वस्तुस्थिती : इथे लिटर म्हणजे टाकी नव्हे, मिनिटाला मिळणारं गरम पाणी. खरा फरक धुराच्या वाटेचा आहे. काहींना पाइपच नसतो. ते धूर खोलीतच सोडतात. काहींचा धूर पाइपमधून आपोआप चढतो. काहींत तो पंख्याने ढकलला जातो, पण जळायला लागणारी हवा ते खोलीतूनच घेतात. आणि काही पूर्ण बंदिस्त असतात : हवा बाहेरून घेतात, धूर बाहेर सोडतात. त्यामुळे जुन्याचा पाइप नव्याला चालेल असं धरून चालू नका. नव्याच्या माहितीपत्रकात दिलेलाच पाइप लावा.

इंधनही बघा. तेवढ्याच घनफळाच्या एलपीजीतून पाइपगॅसच्या अडीच पटींहून जास्त उष्णता मिळते, दाबही वेगळा असतो. म्हणून दोन्हींचे जेट वेगळे. पाइपगॅसचा गीझर सिलिंडरला जोडला तर ज्योत पिवळी पडते, काजळी धरते आणि विषारी वायू वाढतो.

गैरसमज ६ : आयएसआय मार्क आहे, सेफ्टी आहे, मग कुठेही बसवा.

वस्तुस्थिती : एलपीजीच्या घरगुती गीझरसाठी आयएस १५५५८ हे मानक आहे, मार्क बघूनच घ्या. पण तो यंत्राची हमी देतो, तुमच्या बाथरूमची नाही. ज्योत विझली की गॅस बंद करणारा सेन्सर गळती रोखतो. ठरावीक मिनिटांनी आपोआप बंद होणारा टायमर पुन्हा नळ सोडला की पुन्हा सुरू होतो. ऑक्सिजन कमी झाल्यावर बंद करणारा सेन्सर उपयोगाचा, पण तो कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही. ते काम करणारा अलार्म वेगळा मिळतो.

गैरसमज ७ : आंघोळ करताना फिट आली, म्हणजे मिरगी असणार.

वस्तुस्थिती : गॅस गीझरमुळे बेशुद्धी आणि झटके येतात, हे आपल्याकडच्या डॉक्टरांनी वारंवार नोंदवलं आहे. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही फसवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं आणि आकडा ९८ दिसू शकतो. हाक मारूनही आतून उत्तर आलं नाही, तर दार तोडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि १०८ ला फोन लावा. डॉक्टरांना 'गॅस गीझर चालू होता' हे आवर्जून सांगा. नेमकी तपासणी आणि वेळेवर ऑक्सिजन त्यावरच अवलंबून असतं.

थोडक्यात, नवा गीझर घेताना जुनी जागा गृहीत धरू नका. गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या बाल्कनीत बसवा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी न्या. दर हिवाळ्याआधी मेकॅनिककडून काजळी आणि पाइप साफ करून घ्या. बाहेर जागाच नसेल, तर विजेचा किंवा सोलर घ्या. गॅस गीझर बंद बाथरूममध्ये नकोच.